बाळंतपण दवाखान्यात आलं, पण माणसं?

आपल्या सासवांची, आज्यांची बाळंतपणं घरातच झाली. एका कोपऱ्यात बाज, खाली शेगडी आणि हाताशी गावची सुईण. सुईणीचं आपण कौतुक करतो ते बरोबरच आहे. पण रक्त थांबेना झालं की तिच्याकडे इलाज नव्हता, आणि अडलेली बाई बैलगाडीतून तालुक्याला पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.

2005 साली जननी सुरक्षा योजना आली, आशाताई घरोघर फिरू लागल्या. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण, जाण्यायेण्याची गाडी सगळं मोफत ठरलं. कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे 2005-06 मध्ये महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 65 बाळंतपणं दवाखान्यात व्हायची. 2019-21 मध्ये ती 95 झाली. आम्ही बचत गटाच्या बैठकांतून हेच सांगत आलो, की घरी थांबू नका.

बाया आल्या. पण त्यांना बघणारी माणसं त्या हिशेबानं वाढली नाहीत.

याचा अर्थ काय, ते जरा नीट बघू. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास फार जोखमीचे. रक्तस्राव किती, नाडी कशी, पिशवी आवळली का, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. एकच सिस्टर टेबलावरची बाईही सांभाळत असेल आणि वॉर्डही, तर हे बघणार कोण? दीड किलोच्या बाळाचं तर आणखी अवघड. त्याला ऊब हवी, दर दोन-तीन तासांनी दूध हवं, ऑक्सिजनवर नजर हवी, आणि एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना दरवेळी हात धुवायला हवेत. बाळं जास्त आणि हात कमी झाले की जंतू पसरायला वेळ लागत नाही.

तालुक्याला भूलतज्ज्ञ नसला की सिझेरियन होत नाही. मग चिठ्ठी मिळते, “नांदेडला न्या” नाहीतर “लातूरला न्या.” त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तपासण्या एका गावी आणि कळा दुसऱ्या गावी.

30 सप्टेंबर म्हटलं की लातूरकडच्या बायांना 1993 ची किल्लारी आठवते. बरोबर तीस वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच तारखेपासून नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं दगावली. त्यांतली 12 नवजात बाळं होती. 48 तासांत आकडा 31 वर गेला, बालकं 16. नवजात बाळांच्या विभागात खाटा 24 आणि बाळं साठाच्या वर, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. बरेच रुग्ण शेवटच्या घटकेला, दुरून पाठवलेले होते, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. ते खरं मानलं तरी प्रश्न उरतोच, की त्यांना आधीच्या दवाखान्यात का ठेवता आलं नाही?

मग तिथं काय झालं? हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. टीव्हीवर ते सगळ्यांनी पाहिलं. संडास घाण होता हे खरं असेल, पण त्यानं एकही सिस्टर वाढली नाही. आमच्या मते नेमका प्रश्न मुंबई उच्च न्यायालयानं विचारला. न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये आपणहून दखल घेतली आणि सरकारला विचारलं, मंजूर पदं किती, भरलेली किती? कामाचा ताण होता एवढं सांगून सरकारला सुटता येणार नाही, असंही बजावलं.

हाच प्रश्न आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाला विचारता येतो. तिथं रुग्ण कल्याण समिती असते. प्रसूती विभागात रात्रपाळीला किती सिस्टर असतात? भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांची पदं भरलीत का? गेल्या वर्षी किती बाया पुढे पाठवल्या आणि कशासाठी? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.