युरिया सेंद्रिय कसा?

दिवाळीत ताईकडे गेलो होतो. भाची यंदा दहावीला. 'कार्बनी संयुगे' हा धडा घेऊन बसली होती. मी विज्ञान शाखेचा म्हणून शिकवायचं काम अर्थातच मामाकडे आलं!

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. पूर्वी लोकांना वाटायचं की सजीवांमधले पदार्थ प्रयोगशाळेत बनूच शकत नाहीत, त्याला 'जीवनशक्ती' लागते. मग १८२८ साली व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला आणि ती समजूत संपली. हे वाक्य मी शाळेत इतक्यांदा घोकलंय की झोपेतही म्हणेन.

भाची म्हणाली, "मामा, पण युरिया सेंद्रिय कसा? पप्पांनी दोन एकर सेंद्रिय केलंय, तिथे तर युरियाचा दाणाही चालत नाही."

पडवीत उसासाठी आणलेली युरियाची ४५ किलोची पोती होती. मी पोत्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "ते वेगळं. परीक्षेत पुस्तकातलंच लिही." तिने मान हलवली आणि वही मिटली. ती वही मिटणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

रात्री वाचत बसलो. शब्दाचं कोडं सोपं निघालं. ऑर्गन म्हणजे इंद्रिय, म्हणून ऑर्गॅनिक ते सेंद्रिय. एकेकाळी या शाखेत फक्त वनस्पती-प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ होते. पुढे अर्थ बदलून 'कार्बनची संयुगे' असा झाला, नाव मात्र जुनंच राहिलं. शेतकऱ्याने तोच शब्द 'कारखान्यातलं खत नको' या अर्थाने घेतला. दाजीही बरोबर, पुस्तकही बरोबर.

खरी गंमत व्होलरची. १८२८ मध्ये तो २७ वर्षांचा होता, बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेत शिकवायचा. त्याला हवं होतं अमोनियम सायनेट. हाती आले भलतेच पांढरे स्फटिक. असा पदार्थ त्याला १८२४ मध्येही दिसला होता, पण तेव्हा ओळख पटली नव्हती. या वेळी त्याने तो मूत्रातून काढलेल्या युरियाशी ताडून पाहिला. तोच!

फेब्रुवारीत त्याने आपले गुरू बर्झेलियस यांना पत्र लिहिलं, की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाशिवाय मी युरिया बनवू शकतो. पण त्याच पत्रात त्याने स्वतःच एक शंका काढली. त्या काळी सायनेट ज्या मालापासून बनायचं, तो प्राण्यांच्या अवशेषांतून यायचा. मग कुणी म्हणेल, त्यात सजीवाचा अंश उरलाच होता!

म्हणजे जीवनशक्ती १८२८ मध्ये एका फटक्यात गेली नाही. १८४५ मध्ये कोल्बने कोळसा, गंधक, क्लोरीन अशा निर्जीव वस्तूंपासून सुरुवात करून ॲसिटिक आम्लापर्यंत मजल मारली, तेव्हा ती शंका आणखी दुबळी झाली. १९४४ साली डग्लस मकाय या इतिहासकाराने तर व्होलरने जीवनशक्तीला संपवल्याच्या गोष्टीला चक्क दंतकथा म्हटलं. त्या काळच्या रसायनतज्ज्ञांना चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अमोनियम सायनेट आणि युरिया, दोन्हीत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. अणू तेच, मांडणी निराळी, पदार्थ निराळा. १८३० मध्ये बर्झेलियसने याला नाव दिलं, ज्याला आपण समघटकता म्हणतो. भाचीच्या धड्यात तीही आहे, पण काही पानं पुढे, आणि व्होलरशी तिचं नातं कुणी सांगत नाही.

सकाळी चहाच्या वेळी भाचीला हे सगळं सांगितलं. आधी कबूल केलं की काल मी तुला गप्प बसवलं, ते चुकलं. मग आम्ही पडवीत बसून आठ मणी घेतले, चार रंगांचे, आणि दोन तऱ्हांनी जोडले. तिने तिसरी तऱ्हाही करून पाहिली!

"मग परीक्षेत काय लिहू?"

म्हटलं, व्होलर, १८२८, अमोनियम सायनेट, युरिया हे सगळं खरंच आहे, बिनधास्त लिही. 'समजूत संपली' ऐवजी 'समजुतीला धक्का बसला' लिही. मार्क कुणी कापणार नाही.

मी दहावीला असताना हे वाक्य पाठ केलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या घरीही युरियाची पोती असायची.