बर्फाला गोणपाटाची गोधडी

1964 च्या उन्हाळ्यात वडिलांना विषमज्वर झाला. डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवायला सांगितला. पण बर्फ मिळायचा तालुक्याला, नऊ मैलांवर. दुकानदाराने लादीचा तुकडा भुशात घोळवला, गोणपाटात गुंडाळला आणि माझ्या सायकलला बांधला. मी म्हटलं, ‘‘अहो, पांघरुणात गरम होईल ना!’’ तो म्हणाला, ‘‘वाटेत उघडून बघू नकोस, म्हणजे झालं.’’ मी अर्थातच दोनदा उघडून बघितलं. घरी पोचला तो नारळाएवढा. तेवढाही वडिलांना त्या रात्री पुरला.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘टस्कनी’ जहाजाची हकीकत वाचली आणि तो दुकानदार आठवला. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 12 मे 1833 रोजी हे जहाज कलकत्त्याला धाडलं. त्यात होता 180 टन बर्फ, तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी, सप्टेंबरात, जहाज पोचलं, तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शाबूत होता! सरकारने जकात माफ केली आणि ऊन टाळून रात्री माल उतरवायला परवानगी दिली.

हा बर्फ टिकला कसा? याचं निम्मं उत्तर ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने 1760 च्या दशकातच शोधलं होतं. तोवर समजूत अशी, की बर्फ वितळण्याच्या तापमानाला आला, की जराशा उष्णतेनेही त्याचं पाणी व्हावं. ब्लॅक म्हणाला, तसं असतं तर वसंत ऋतूत डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून महापूर आले असते. प्रत्यक्षात बर्फ उष्णता पीत राहतो आणि थर्मामीटर शून्यावरून हलत नाही. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापेल.

उरलेलं उत्तर गोणपाटात आहे. गोधडी ऊब निर्माण करत नाही, ती उष्णतेला फक्त अडवते. आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरचीही आत येऊ देत नाही. भुशात अडकलेली हवा हेच काम करते. शिवाय लाद्या एकमेकींना खेटून रचल्या, की वितळतो तो बाहेरचा थर. माझा तुकडा लहान, म्हणून सगळ्या बाजूंनी उघडा पडला. त्यात मी दोनदा सोडलेला.

आपल्याकडे बर्फ नव्हताच असं मात्र नाही. थंडीतल्या कोरड्या रात्री उसाच्या चिपाडांवर उथळ मातीची भांडी ठेवून अलाहाबादेत बर्फ करत. रॉबर्ट बार्करने 1775 मध्ये त्याचं वर्णन छापलं. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही हे साधे, कारण पाणी झिरपून उडतं आणि निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकतं. मला तर ही करामत ट्यूडरच्या जहाजाहून मोठी वाटते.

मुंबईतही अमेरिकेचा बर्फ आला, कोटात बर्फघर झालं. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, तर यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले, अशी हकीकत सांगतात. पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि हा व्यापार बुडाला. मद्रासचं 1842 चं बर्फघर मात्र समुद्रकिनारी अजून उभं आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते, आणि आता त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं.