कुळीथ, रक्तगट आणि शर्करायुक्त बहुवारिके : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

अलिबागजवळील नागावपासून तळकोकणापर्यंत कुळथाची पिठी हा परिचित पदार्थ आहे. याच कडधान्याने जीवरसायनशास्त्राला एक मौलिक साधन पुरविले. दीर्घ रेणुसाखळीवर शर्करेचे घटक जोडून तयार केलेली आणि प्रथिनांशी बद्ध होणारी बहुवारिके ही सामान्यतः पाश्चात्त्य प्रयोगशाळांची निर्मिती मानली जातात. त्यांच्या पूर्वपीठिकेतील पुणे व मुंबई येथील संशोधनाचे स्थान स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

विवेचन

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये कुळथाच्या अर्काची विशिष्ट रक्तसमूहन-क्षमता नोंदविली. हा अर्क 'ए' गटाच्या तांबड्या पेशी एकत्र चिकटवितो. योग्य प्रमाणात विरल केल्यास तो ए१ व ए२ हे उपगटही वेगळे दाखवितो. बियांतील अशा प्रथिनांना विल्यम बॉइड यांनी १९५४ मध्ये 'लेक्टिन' ही संज्ञा दिली.

१९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'बॉम्बे रक्तगटा'ची नोंद केली. या गटात एच प्रतिजन नसतो. त्याची ओळख ठरविणारी फ्युकोज ही शर्करा साखळीच्या टोकाशी जोडलीच जात नाही, असे पुढे स्पष्ट झाले. रक्तगटभेद हा शर्करारचनेचा भेद आहे, हे लंडनमधील मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या संशोधनातूनही सिद्ध झाले.

कुळथाचे लेक्टिन एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा ओळखते. १९७० मध्ये एट्झलर व कॅबट यांनी अविद्राव्य केलेल्या रक्तगट-द्रव्यावर ते बद्ध करून शुद्ध रूपात मिळविले. त्याच दशकात प्राग येथे होरेयशी व कोत्सुरेक यांनी नैसर्गिक द्रव्याऐवजी साध्या शर्करा जोडलेले पॉलिॲक्रिलामाइड लेक्टिनांच्या शुद्धीकरणासाठी वापरले. सुट्या शर्करारेणूचे बंधन दुर्बल असते. मात्र एकाच साखळीवर अनेक शर्करा असल्यास ते कित्येक पटींनी दृढ होते. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर निसर्गाने हीच योजना केलेली आहे.

निष्कर्ष

बर्ड किंवा भेंडे यांनी बहुवारिके बनविली नाहीत, त्यामुळे तसे श्रेय त्यांना देणे अनैतिहासिक ठरेल. परंतु बहुवारिकांनी ज्या प्रक्रियेचे अनुकरण केले, ती प्रकाशात आणण्यात त्यांचा वाटा निश्चित आहे. विज्ञानाचा इतिहास केवळ अंतिम निर्मितीपासून लिहिल्यास असे वाटे तळटिपेत जातात. अध्यापनात कुळथाचे उदाहरण घेतल्यास विद्यार्थ्याला हा इतिहास आपल्या परिसराशी जोडता येईल.