बाळंतिणीकडची अर्धी नोंद

प्रसूतिसेवेच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना मी आधी टाक्यांचा इतिहास वाचायला सांगते. बाळाचे डोके बाहेर येताना वाट मोठी व्हावी म्हणून द्यायचा छेद, म्हणजे एपिसिओटॉमी, १९७०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये सर्रास दिला जाई. आपोआप फाटण्यापेक्षा सरळ कापलेले लवकर भरते, पुढे लघवीवरचा ताबा जात नाही, अशी त्यामागची समजूत होती. ऐकायला पटण्यासारखीच, पण तिची नीट परीक्षा झालेली नव्हती.

शंका काढली ती बाळंतिणींनी. मातांच्या बाजूने बोलणारी ‘एम्स’ ही संघटना तिथे १९६० मध्ये सॅली विलिंग्टन यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती (दिल्लीच्या एम्सशी तिचे काही नाते नाही). नॅशनल चाइल्डबर्थ ट्रस्ट त्याच्याही आधीचा, १९५६चा. या ट्रस्टसाठी शीला किट्झिंगर यांनी टाके पडलेल्या बायकांचे अनुभव गोळा करून १९८१ मध्ये छापले. मग जेनिफर स्लीप या सुईणीने आपल्या सहकाऱ्यांसह रीडिंगच्या इस्पितळात एक हजार बायकांची चाचणी घेतली. एका गटात छेद होता होईतो टाळायचा, दुसऱ्यात मोकळ्या हाताने द्यायचा. पहिल्या गटात तो १० टक्के बायकांना दिला गेला, दुसऱ्यात ५१ टक्के. निष्कर्ष १९८४ मध्ये आले: दहाव्या दिवशीचे दुखणे दोन्हीकडे जवळपास सारखेच, बाळांच्या तब्येतीतही फरक नाही. तीन वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा विचारले, तर लघवीच्या तक्रारीही सारख्याच निघाल्या. ज्या फायद्यांसाठी कात्री चालत होती, ते दिसलेच नाहीत.

मला यातली कामाची वाटणी मोलाची वाटते. इस्पितळाचा कागद डिस्चार्जला संपतो. बसताना जीव जातो, अंगावर पाजताना भेगा पडतात, ते सगळे त्यानंतरचे. काय केले ते सुईणीला ठाऊक, पुढे काय झाले ते बाळंतिणीला. दोघींनी आपापला अर्धा भाग समोर ठेवल्याशिवाय प्रश्नसुद्धा धड मांडता येत नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. विषय थोडा वेगळा, पण आपल्याला लागू पडणारा: कोणी विचारलेच नाही, तर दुखणे नोंदीत येत नाही.

अर्थात आजीबाई सांगते ते सगळे खरे, असे मानणाऱ्यांनी या वाटेला न आलेले बरे. पहिला चीक काढून टाकायचा, हे अनेक घरांत सांगितले जाई. त्याने बाळाचे नुकसानच होते. उकिडवे बसून बाळंत होणेही जुन्या सुईणींचेच. पण कळा देताना कसे राहायचे ते बाईने ठरवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस सांगते. तपासाला दोन्ही लावायचे, आजीचा सल्ला आणि लेबर रूमचा शिरस्ता.

महाराष्ट्रात आता सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, त्यामुळे गावची सुईण मागे पडली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नव्या प्रकारच्या सुईणी घडवण्याचे धोरण आखले. त्यांच्यापुढचा एक प्रश्न खास आपल्याकडचा आहे. पहिलटकरणीच्या तपासण्या सासरी होतात, बाळंतपण माहेरी, आणि बाळ चार महिन्यांचे झाले की ती परत सासरी. सोनोग्राफीच्या कागदांची पिशवी तेवढी तिच्याबरोबर फिरते. माहेरच्या सिस्टरला तिचे पुढे काय झाले ते कळत नाही, सासरच्या आशाताईला मागे काय केले ते सांगणारे कोणी नसते. छेद दिला होता का, का दिला, दुसऱ्या खेपेला काय जपायचे, हे निदान तिला स्वतःला तिच्या बोलीत सांगून ठेवता येईल. कोणी, केव्हा, किती शब्दांत सांगायचे, यावर आपल्याकडे काम फार थोडे आहे. नव्याने येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी, आणि सव्वा महिना उलटल्यावर त्याच बाईकडे पुन्हा जाऊन तिला विचारावे.