लॉन मुघलांचे नव्हे

मागच्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेची सहल हेमलकशाला नेली होती. बाबा आमटे यांनी 1973 साली भामरागडच्या जंगलात सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा दवाखाना, प्राण्यांचे अनाथालय, सगळे मुलांनी पाहिले. हरणांपाशी एकाने विचारले, "सर, हरणं असली की लॉन कापायला माणूस लागत नसेल ना? बीबी का मकबऱ्यात तर मशीन फिरवतात."

पोरगा बरोबर बोलला. गवत कापायचे यंत्र इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने 1830 साली काढले. त्याआधी तिथे मेंढ्या आणि लांब दांड्याचे विळेच होते. पण परतीच्या बसमध्ये "मुघलांचे लॉन" हे शब्द बरेचदा ऐकू आले. मोठी माणसेही असेच म्हणतात.

मुघलांची चारबाग म्हणजे पाटांनी चार भागांत वाटलेली, फळझाडांची, फुलांची, सावलीची बाग. बाबराने बाग-ए-वफाचे वर्णन करताना तिपानी गवताच्या कुरणाचे कौतुक केले आहे. पण कापून सपाट केलेला हिरवा गालिचा ही कल्पना साहेबाची. ताजमहालच्या बागेतली दाट झाडी कर्झनच्या काळात हटली आणि लॉन आले. आज आपण त्यालाच आपला वारसा समजून फोटो काढतो!

साहेबाच्या देशातले थंड हवेचे गवत आपल्या उन्हात करपते, म्हणून इथे हरळी लावतात. उर्दूत तीच दूब. शेतकरी जिला खणून खणून बांधावर फेकतो तीच. जमीन खणायची, ढेकळे फोडायची, शेणखत घालून सपाट करायची आणि पावसाळ्याच्या तोंडी कांड्यांचे तुकडे वीतभराच्या आत लावत जायचे. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. थंडीत पिवळी पडली तरी ती मेलेली नसते, उन्ह तापले की फुटते.

दिल्लीत निजामुद्दीन दर्ग्याजवळ शाहजहानची लेक जहाँआरा 1681 पासून झोपली आहे. तिच्या इच्छेप्रमाणे कबरीवर छत नाही, वर माती आणि गवत. खुलदाबादला तिच्या भावाची, औरंगजेबाची कबरही (1707) उघड्या मातीचीच. भोवतीचा संगमरवर पुढे कर्झनच्या सांगण्यावरून आला. त्या मातीत सब्जाचे रोप असते. उर्दूत सब्ज़ा म्हणजे हिरवळ, मराठीत सब्जा म्हणजे फालुद्यात पडतो तो. बहिणीच्या कबरीवर उर्दूतला उगवतो, भावाच्या कबरीवर मराठीतला. हा शब्द शिकवताना मी वर्गात दोन्ही कबरींची गोष्ट सांगतो.