बांधकाम मजुरांची नोंदणी : छोट्या ठेकेदाराच्या एका सहीवर काय काय अवलंबून आहे?

जळगाव, धुळे जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांत घरं, शाळाखोल्या, गटारी, सिमेंट रस्ते यांची कामं पाच-दहा माणसांच्या टोळ्या करतात. एक मिस्तरी ठेका घेतो, सोबत दोन गवंडी, चार बिगारी, सेंट्रिंगवाला. हिशोब वहीत आणि मजुरी बाजाराच्या दिवशी. अशा ठेकेदाराला विमा, नोंदणी म्हटलं की वाटतं, हे मोठ्या कंपन्यांचं काम. पण या मजुरांसाठीचा पैसा आधीच कापला जातोय, आणि बऱ्याचदा तो त्याच्याच बिलातून.

पैसा येतो कुठून?

केंद्राच्या १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर लावला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा उपकर कायम ठेवला आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचं काम केलं असेल तर बिलातली कपात बघा. १० लाखांच्या कामावर १० हजार रुपये गेलेले दिसतील. हा पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. मात्र त्याचा लाभ नोंदणी असलेल्या कामगारालाच मिळतो. म्हणजे ठेकेदाराच्या बिलातून पैसे गेले, पण त्याच्या बिगाऱ्याची नोंदणी नसेल तर त्याच्या घरच्यांना यातला रुपयाही मिळत नाही.

नोंदणी कोणाची होते?

वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत बांधकामावर ९० दिवस काम. हे ९० दिवस सलग लागत नाहीत, एकाच ठेकेदाराकडेही लागत नाहीत. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतात आणि बाकी वेळ स्लॅबवर असणारा माणूसही यात बसतो. गवंडी, बिगारी, सुतार, रंगारी, फरशी बसवणारे, प्लंबर, वायरमन, रस्त्याच्या कामावरचे मजूर, सगळे चालतात. बायाही. डोक्यावर घमेलं वाहणारी बाई ही बांधकाम कामगारच आहे. नोंदणी मात्र नवऱ्याची करतात आणि तिची राहून जाते, असं फार होतं. दोघांची वेगवेगळी करा.

कागद म्हणजे आधार कार्ड, वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, बँक पासबुक आणि ९० दिवसांचा दाखला. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा, मूळ कागद तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात दाखवायचे. शुल्क नावापुरतं, एक रुपयाचं आहे. कोणी शेकड्यांत पैसे मागत असेल तर ती त्याची दलाली समजा. त्या पैशाचा मंडळाशी संबंध नाही.

गाडी अडते ती दाखल्यावर

बाकी सगळे कागद मजुराच्या घरात असतात. ९० दिवसांचा दाखला मात्र दुसऱ्याने द्यायचा असतो. तो ठेकेदार देऊ शकतो. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी), शहरात नगरपालिका किंवा महापालिकाही देऊ शकते. ग्रामसेवकांनी या दाखल्यांना विरोध केला होता आणि त्यांचंही सगळंच चुकीचं नाही. कोणी कुठे किती दिवस काम केलं हे त्यांना कसं माहीत असणार? ते खरं माहीत असतं ठेकेदाराला. तोच सहीला घाबरतो. सही केली की आपल्यामागे काहीतरी लागेल, असं त्याला वाटतं.

खरी हजेरी असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. साधी वही ठेवा. तारीख, नाव, कामाची जागा, मजुरी, पुढे सही किंवा अंगठा. मजुरी फोनवरून पाठवत असाल तर आणखी चांगलं, नोंद आपोआप राहते. दाखल्यावर तुमचा नोंदणी क्रमांक विचारतात. १९९६ च्या कायद्यात १० किंवा जास्त कामगार असले की आस्थापनेची नोंदणी सांगितली आहे, ती सहायक कामगार आयुक्त कार्यालयाकडून समजून घ्या. एक गोष्ट मात्र करू नका. भाचा, साडू, शेजारी अशा कामावर न आलेल्यांना दाखले देऊ नका. खोटा दाखला देणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो आणि त्यामुळे खऱ्या मजुराचीही तपासणी कडक होते.

मिळतं काय?

लोकांच्या तोंडी भांड्यांचा संच आणि पेटीच जास्त आहे. पण मुख्य गोष्टी वेगळ्या आहेत. कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, ७५ टक्के कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख. नैसर्गिक बाळंतपणाला १५ हजार, सिझेरियनला २० हजार. पोरांच्या शिक्षणाला पहिलीपासून मदत आहे, इंजिनिअरिंगला वर्षाला ६० हजार आणि वैद्यकीयला १ लाख. २०२५ मध्ये राज्याने ६० वर्षांनंतरचं निवृत्तिवेतनही ठरवलं. नोंदणीला १० वर्षं झाली असतील तर वर्षाला ६ हजार, १५ वर्षांना ९ हजार, २० वर्षांना १२ हजार.

म्हणून नूतनीकरण दरवर्षी करा. त्यालाही ९० दिवसांचा दाखला लागतो. भांडी मिळाली की कार्ड डब्यात टाकून देणारे पुष्कळ आहेत, आणि नेमका अपघात होतो तेव्हा कार्डाची मुदत संपलेली निघते.

आणि ठेकेदाराचं काय?

मंडळाची मदत मिळाली म्हणून ठेकेदार सुटत नाही. कामावर माणूस दगावला आणि ईएसआय नसेल, तर नुकसानभरपाई मालकावर येते. १९२३ च्या कायद्याचं गणित असं, की ३० वर्षांच्या, महिना १५ हजार धरलेल्या मजुरासाठी निम्मा पगार गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. नव्या संहितेतही मालकाची ही जबाबदारी कायम आहे. छोट्या ठेकेदाराचं घर-शेत विकलं जाईल अशी ही रक्कम आहे. यासाठी विमा कंपन्यांची कामगार नुकसानभरपाई पॉलिसी मिळते, ती त्या कामाच्या मुदतीपुरतीही काढता येते. निविदा भरतानाच तिचा हप्ता खर्चात धरा.

कामगार १० झाले की ईएसआयचा प्रश्न येतो. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के. २० झाले की पीएफ, दोघांचे १२-१२ टक्के. रोजंदारीचे मजूरही या मोजणीत येतात, हे लक्षात ठेवा.

पाच-सहा जणांची टोळी असेल तर निदान इतकं करा. प्रत्येकाच्या बँक खात्यावर २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू आहे का, ते पासबुकात बघा. वर्षाचा हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे हवेत. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. आणि वारसदाराचं नाव तपासा. लग्नाआधी काढलेल्या खात्यांवर अजून आईवडिलांचंच नाव असतं.