मुलांच्या गोष्टींतील एकट्या आईचे घर

वडील हयात नाहीत किंवा घरी नाहीत, आणि आई एकटीच मुलांना वाढवीत आहे, अशी घरे आपल्या मुलांच्या गोष्टींत किती आहेत याचा शोध घेऊ लागले तर फार दूर जावे लागत नाही. आपल्या जालना जिल्ह्यातच, घनसावंगी तालुक्यात, जांब हे गाव आहे. तेथे १६०८ साली रामनवमीला नारायण ठोसर जन्मले. तेच पुढे समर्थ रामदास झाले. नारायण लहान असतानाच वडील सूर्याजीपंत वारले. घरी आई राणूबाई आणि थोरला भाऊ गंगाधर. म्हणजे ज्या घराची गोष्ट मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, ते घर एका विधवा आईचे होते.

ही गोष्ट आपण सगळ्याजणींनी ऐकली आहे व सांगितलीही आहे. अडगळीच्या खोलीत ध्यान लावून बसलेला नारायण, ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळालेला नारायण, आणि चोवीस वर्षांनी दारी आलेला गोसावी मुलगा. परंपरा असे सांगते की तोवर राणूबाईंची दृष्टी गेली होती व मुलाच्या स्पर्शाने ती परत आली. गोष्टीत आई येते ती लग्नाचा हट्ट धरण्यासाठी आणि नंतर रडण्यासाठी. मधल्या चोवीस वर्षांत ती काय करीत होती? पती गेल्यावर गावच्या कुलकर्णपणाचा कारभार कोणी सांभाळला, थोरल्याला हाताशी धरून घर कसे उभे ठेवले, धान्य कोठून आले, हे मुलांसाठी लिहिलेल्या चरित्रांत क्वचितच सापडते. मला वाटते, आपल्या बालवाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठी उणीव येथेच दिसते. एकट्या आईचे घर गोष्टीत आहे, पण ते घर चालविणाऱ्या हातांचे काम गोष्टीत नाही.

वास्तविक आपली जुनी गोष्ट अशी नव्हती. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम नावाचा मुलगा गुरूकडे निघतो व आईला आपले गोत्र विचारतो. आई जबाला त्याला सरळ सांगते की तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवा करीत फिरले, तेव्हा तुझे गोत्र मला ठाऊक नाही. तू आपले नाव सत्यकाम जाबाल सांग. मुलगा गौतम ऋषींपुढे हेच जसेच्या तसे सांगतो आणि त्याच्या सत्यनिष्ठेमुळे शिष्य म्हणून स्वीकारला जातो. येथे आईचे कष्ट लपविलेले नाहीत, आणि तिचे नाव लावण्यात मुलाला संकोचही नाही.

पुराणांच्या गोष्टींत सुनीतीचा ध्रुव आहे, वाल्मीकींच्या आश्रमात सीतेने वाढविलेले लव-कुश आहेत. इतिहासाकडे वळले तर आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या लेकीचे, जिजाऊंचे, नाव येते. शहाजीराजे हयात होते, परंतु आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात असत. पुण्याच्या जहागिरीत बालशिवाजीला आईनेच वाढविले. मुलांच्या पुस्तकांतील जिजाऊ बहुधा रामायण-महाभारत सांगताना दिसतात. जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या, १६६६ साली महाराज आग्र्यास गेले असता मागे राज्य सांभाळणाऱ्या जिजाऊ मात्र मुलांना त्या मानाने कमीच भेटतात.

असे का झाले असावे? एकोणिसाव्या शतकात मराठीत मुलांसाठी छापील वाङ्मय सुरू झाले, तेव्हा ते लिहिणाऱ्या वर्गात विधवा बाईने घराबाहेर पडून मिळवते होणे हीच अनोखी गोष्ट होती. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. तरी १८९६ साली महर्षी कर्व्यांना विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम काढावा लागला. त्या आश्रमाचे काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या व एका मुलाच्या आई होत्या. त्या शिकल्या, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या व त्यांनी आपले आत्मचरित्रही लिहिले. शेतात व मजुरीला जाणाऱ्या बायका तर त्याही आधीपासून एकट्याने घरे चालवीत होत्या. जीवनात अशी आई होती. मुलांच्या पुस्तकात यायला तिला फार उशीर लागला.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिले. श्यामचे वडील घरी आहेत, त्यामुळे हे घर एकट्या आईचे नव्हे. तथापि आई हाच गोष्टीचा विषय होऊ शकतो, हे या पुस्तकाने मराठी मनावर कायमचे ठसविले.

परदेशात याच सुमारास वेगळ्या तऱ्हेची गोष्ट लिहिली जात होती. १९०६ साली इंग्लंडमध्ये ई. नेस्बिट या लेखिकेने ‘रेल्वे चिल्ड्रन’ लिहिली. वडील खोट्या आरोपावरून तुरुंगात जातात आणि आई कथा लिहून, त्या विकून तीन मुलांना पोसते. १९२९ साली जर्मनीत एरिख केस्टनर यांनी एमिल नावाच्या मुलाची गोष्ट लिहिली. त्याची विधवा आई घरीच बायकांचे केस धुऊन-विंचरून देण्याचा धंदा करते. तिने साठविलेले १४० मार्क आजीकडे नेताना गाडीत चोरीस जातात, आणि एमिल चोराचा पिच्छा सोडीत नाही. कारण त्या पैशांमागे आईचे किती श्रम आहेत हे त्याने पाहिलेले आहे. आईचे काम ठाऊक असलेला मुलगा गोष्टीत केवळ लाडका किंवा बिचारा राहत नाही. तो घराचा भागीदार होतो.

ही आई आपल्याकडे ठसठशीतपणे दिसली ती अलीकडे, पडद्यावर. २०१४ सालच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ या परेश मोकाशी यांच्या चित्रपटात पंढरपूरची एक विधवा आई यंत्रावर स्वेटर विणून दोन मुले व सासू यांचे पोट भरते. कर्ज थकते, यंत्र जप्त होते, वडिलांनी बनविलेली सायकल विकायची पाळी येते. तेव्हा मुले एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. या चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास आलेल्या अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ मध्ये वडील गमावलेला चिन्मय आईच्या सरकारी बदलीमुळे कोकणात येतो. तेथे मुलाचे एकटेपण आहे, तसेच कचेरीत एकटीने झगडणाऱ्या आईचेही आहे.

भगिनींनो, हा इतिहास मी आपल्यापुढे ठेवला तो केवळ माहितीसाठी नव्हे. मराठवाड्यात दुष्काळ, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी किती घरे आईवर आली आहेत, हे आपण डोळ्यांनी पाहतो. त्या घरांतील मुले आपल्याच गल्लीत खेळतात, आपल्या मुलांशेजारी शाळेत बसतात. गोष्टीतली आई नुसती अश्रू ढाळीत असेल, तर ही मुले स्वतःच्या घराकडे दयेनेच पाहावयास शिकतील. पहाटे उठून कापूस वेचायला जाणारी, शिलाईयंत्र चालविणारी, बँकेच्या दारात उभी राहणारी आई गोष्टीत भेटली, तर त्यांना आपले घर ओळखीचे व मानाचे वाटेल.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे व मग वडिलांचे नाव लिहावे, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. सत्यकामाने जे सहज केले, ते कायद्याच्या कागदावर आता आले. गोष्टींत ते आणणे आपल्या हाती आहे. पुढच्या रामनवमीला मुलांना जांबच्या नारायणाची गोष्ट सांगताना, सूर्याजीपंत गेल्यानंतर राणूबाईंच्या अंगावर काय काय पडले असेल, हे मुलांनाच विचारावे. उत्तरे कितीतरी मुलांपाशी तयार असतील. ती शांतपणे ऐकून घ्यावीत.